सहल संपली, घर अजून लांब आहे : परतीच्या दिवसाची हकीकत (श्रीनगर–दिल्ली–पुणे)

झुळूक

काश्मीरवर इथे ढिगाने धागे आहेत. गुलमर्गचा गोंडोला, पहलगामचे घोडेवाले, शिकाऱ्यातले फोटो, सगळं लिहून झालंय. परतीच्या दिवसाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, जणू सगळे दल सरोवरातून थेट आपापल्या सोफ्यावर उतरतात. म्हणून हा धागा फक्त शेवटच्या दिवसाचा.

मंडळी : मी, नवरा, सासू-सासरे, दहावीची परीक्षा देऊन मोकाट सुटलेला मुलगा आणि चौथीतली मुलगी. मे महिना. श्रीनगरहून दुपारचं विमान, दिल्लीत बदलायचं, रात्री पुणे. सकाळचंही विमान होतं, पण "शेवटच्या दिवशी तरी निवांत नाश्ता करू" असं बहुमत पडलं. मी अल्पमतात होते, हे इथे नोंदवून ठेवते.

निवांत नाश्ता म्हणजे काय, तर हाऊसबोटीच्या ओसरीवर गिर्दा (काश्मिरी रोटी) आणि नून चाय (मिठाचा चहा) समोर आली आणि पाऊस सुरू झाला. हाऊसबोटीतून रस्त्यावर यायला शिकारा लागतो हे येताना फार काव्यमय वाटलं होतं. जाताना पाच बॅगा, एक बॅट, अक्रोडांची पिशवी आणि गुडघेदुखी असलेले सासरे असे सगळे त्या डुलणाऱ्या होडीत चढवायचे होते. दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेत सासूबाई आणि बॅगा गेल्या, आणि घाटावर छत्री मात्र एकही गेली नाही.

बॅटचं सांगायचं राहिलं. पहलगामहून श्रीनगरला येताना संगमच्या आसपास रस्त्याच्या दुतर्फा बॅटींचे कारखाने आहेत. काश्मिरी विलोच्या फळ्यांच्या चळती बाहेर वाळत घातलेल्या असतात. तिथे गाडी थांबवू नका म्हणणारा बाप अजून जन्माला यायचाय. पुढे पांपोरला केशर झालं. केशराचं वजन नसतं. अक्रोडांचं असतं.

आता श्रीनगरचा विमानतळ. हा हवाई दलाचा तळ आहे आणि तिथली तपासणी इतर ठिकाणांसारखी नाही. टर्मिनलच्या बऱ्याच अलीकडे ड्रॉप गेट लागतं. तिथे गाडी थांबते, सगळे उतरतात, सगळं सामान उतरतं (कॅरिअरवर दोरीने आवळून बांधलेलंसुद्धा), सामान स्कॅनरमधून जातं, माणसांची झडती होते, गाडीची वेगळी. मग पलीकडे पुन्हा सगळं गाडीत भरून टर्मिनलपर्यंत जायचं. तिथे दारावर परत स्कॅनर. मग चेक-इन, मग नेहमीची सुरक्षा तपासणी. गर्दीच्या दिवसात नुसत्या ड्रॉप गेटलाच तास जातो.

आणि इथे आमची खरी पंचाईत झाली. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच चालतं. पोस्टपेड एकट्या नवऱ्याचं. त्यामुळे सहलभर सगळी तिकिटं, बोर्डिंग पास, ओटीपी, ड्रायव्हरचा नंबर, सगळं त्या एका फोनात. ड्रॉप गेटला बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. मी, मुलगी आणि सासूबाई पुढे गेलो तर जवान म्हणाला, "टिकट दिखाइए." तिकीट पुरुषांच्या रांगेत, मागे, पावसात. हाक मारून पोचत नव्हती आणि आमचे फोन म्हणजे नुसती घड्याळं.

सासूबाईंनी शांतपणे पर्स उघडली. औषधांची पट्टी बाजूला केली, गोळ्यांची डबी बाजूला केली, आणि घडी घातलेला कागद काढला. पुण्याहून निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन सगळ्यांच्या तिकिटांचा प्रिंट काढून आणला होता. "मला मोबाईलमधलं काही दिसत नाही बाई." त्या झेरॉक्सवाल्याकडे जाण्यावरून आमच्या घरी यथेच्छ हसून झालं होतं. हसणारे मागे भिजत होते.

काउंटरवर सामान जास्त भरलं. माणशी १५ किलो, सगळे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) म्हणून एकत्र वजन धरलं, तरी जास्तच. बॅट हातात नेऊ देत नाहीत, ती चेक-इनमध्ये टाकावी लागली. मग भर विमानतळावर बॅग उघडून अक्रोड हातातल्या सामानात. माझ्या पर्समधून पुण्यापर्यंत खुळखुळ ऐकू येत होती.

विमान वेळेवर सुटलं. मुलाने विमानाकडे चालताना फोन काढला म्हणून एकाने दरडावलं (संरक्षण दलाचा तळ, फोटो काढायचे नाहीत). दिल्लीजवळ आल्यावर घिरट्या सुरू झाल्या. खाली धुळीचं वादळ. मग कॅप्टनने सांगितलं, जयपूरला उतरतोय. जयपूरला उतरलो आणि विमानातच बसून राहिलो. दोन तासांवर. पाणी आणि बिस्किटं मिळाली. मुलीने खिडकीतून जयपूर पाहिलं, म्हणजे एक ट्रॅक्टर आणि पिवळी बस.

दिल्लीला पोचलो तेव्हा पुण्याचं विमान सुटायला हवं होतं, पण तेही उशिरा होतं आणि गेट बदललेलं होतं. सासऱ्यांना व्हीलचेअर घेतली होती. व्हीलचेअरवाला मुलगा त्यांना लिफ्टने, आडवाटेने भुर्रकन घेऊन गेला आणि आम्ही पाचजण सरकत्या पट्ट्यांवरून धावतोय. सासऱ्यांचं सिम आता दिल्लीत चाललं असतं, पण ते विमानात बंद केलेला फोन घरी जाऊनच सुरू करतात. गेटवर धापा टाकत पोचलो तर हे खुर्चीत चहा पीत बसलेले. "तुम्हाला एवढा वेळ का लागला?"

पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. पट्ट्यावर चार बॅगा आल्या, बॅट आली, पाचवी बॅग नाही. पाचवीत घराची किल्ली. तक्रारीचा फॉर्म भरला, विमानतळाजवळच्या एरोमॉलला जाऊन दोन गाड्या केल्या (सहा माणसं एका गाडीत घेत नाहीत), आणि पहाटे शेजारच्या काकूंना उठवून दुसरी किल्ली घेतली. बॅग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरपोच आली, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं म्हणणं एवढंच. सहलीचं नियोजन सगळे मिळून करतात, परतीचा दिवस मात्र एका माणसाच्या फोनावर टाकून बाकीचे मोकळे होतात. मग तो माणूस सतत चिडलेला आणि बाकीचे सतत त्याला विचारणारे. प्रत्येक मोठ्या माणसाकडे आपापलं तिकीट कागदावर आणि आपापली किल्ली असायला हवी. पटतंय का?

---

तिरकस

थोडक्यात, काश्मीरला जाऊन जयपूर पाहून आलात. तेही फुकटात.

सासूबाईंना साष्टांग नमस्कार कळवा.

---

घाटवाट

लेख आवडला पण निष्कर्ष पटला नाही. मी उलटं सांगेन. परतीच्या दिवशी कमांड एकाकडेच हवी. आम्ही तीन भाऊ, तिघांच्या बायका, मुलं असे लवाजम्याने फिरतो. एका वर्षी "प्रत्येकाने आपापलं बघा" असं ठरलं. त्या वर्षी मधला भाऊ सुरक्षा तपासणी उरकून चपलांच्या दुकानात, धाकट्याची बायको वेगळ्याच गेटवर, आणि मुलं कुणाकडे आहेत यावर तीन वेगवेगळी मतं. कागद प्रत्येकाकडे असावा, कबूल. पण "चला" म्हणायचा अधिकार एकाचाच.

दुसरं. मे-जूनमध्ये उत्तरेत दुपारनंतरचं विमान घेऊ नये. ती आंधी बहुतेक वेळा दिवसभर तापल्यावर, दुपारी-संध्याकाळी येते. तुम्ही अल्पमतात होतात पण बरोबर होतात.

---

काउंटर_नंबर_सात

बरीच वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये काढली, आता नोकरी सोडली, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

जयपूरला उतरवलं पण बाहेर का सोडलं नाही, हा प्रश्न प्रत्येक डायव्हर्जनला (विमान दुसरीकडे वळवलं की) येतो. तुमचं सामान दिल्लीसाठी लादलेलं असतं. एकजण जरी उतरला तरी त्याची बॅग पोटातून शोधून काढावी लागते, माणसाशिवाय बॅग उडवता येत नाही. त्यात दिल्ली उघडली की लगेच क्रमांक लावायचा असतो. प्रवासी टर्मिनलमध्ये विखुरले असतील तर तो क्रमांक जातो. वर पायलट आणि क्रूच्या ड्यूटीच्या तासांना मर्यादा आहे. ती ओलांडायची वेळ आली तर नवा क्रू येईपर्यंत विमान हलत नाही. तुम्ही दोन-अडीच तासांत सुटलात म्हणजे नशीबवान.

बॅग का राहिली? माणसं धावत जाऊ शकतात, बॅगा गाडीतून जातात आणि मध्ये पुन्हा तपासल्या जातात. उशिरा आलेल्या विमानातून दुसऱ्यात टाकायला वेळ कमी पडला की ज्या शेवटी निघाल्या त्या राहतात. तुम्ही पट्टा सोडायच्या आधी फॉर्म भरलात हे उत्तम केलंत. घरी जाऊन फोन करू म्हणणाऱ्यांचे हाल होतात. फॉर्मवरचा क्रमांक आणि बॅगेच्या टॅगची पावती, दोन्हीचे फोटो काढून ठेवावेत.

आता काउंटरवरून दिसणारी गंमत. परतीच्या प्रवासात लोकांना वाटतं की सामान तेवढंच आहे. येताना बॅग घरी तोललेली असते, जाताना कुणी तोलत नाही. एक छोटा हुकाचा काटा विकत घ्या, मुठीएवढा असतो. आणि कृपया : पॉवर बँक चेक-इनमध्ये टाकू नका, ती हातातच हवी. सुकं खोबरं चेक-इनमध्ये टाकू नका, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून बंदी आहे. लोणचं हातात आणू नका, ते चेक-इनमध्येच. दर दिवाळीत कुणाची तरी खोबऱ्याची पिशवी आमच्यासमोर बाहेर निघायची आणि मालकीण अशी बघायची की जेवण जात नसे.

---

नियमावर_बोट

झुळूक, नुकसानभरपाई मागितलीत का? डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे) नियम आहेत. विमान कंपनीने आधी न कळवता उड्डाण रद्द केलं तर उड्डाणाच्या अवधीप्रमाणे ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातलं जे कमी असेल ते मिळतं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा.

---

झुळूक

@नियमावर_बोट : वादळाला कुणाचं नाव लावणार?

@घाटवाट : चपलांचं दुकान वाचून नवरा म्हणाला, "बघ." त्याला एवढंच वाक्य सापडलं.

---

नियमावर_बोट

बरोबर. हवामान हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण धरतात, त्यात रोख भरपाई नाही. पण खाणं-पाणी मागायला लाजू नये, बहुतेक वेळा देतात. आणि मुलांबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. २०२४ सालच्या सूचनेनुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी सीट द्यावीच लागते. त्यासाठी सीटचे जादा पैसे भरायची घाई करू नका.

---

मांडवी_काठ

आमच्याकडे गोव्यात वेगळीच तऱ्हा. इथे आता दोन विमानतळ. दाबोळी जुना, आणि पेडण्यातला मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला. येताना लोक एकीकडे उतरतात आणि जाताना तिकीट दुसरीकडचं असतं, कारण स्वस्त मिळालं. तिकिटावर नुसतं "गोवा" वाचतात. कोलव्याला राहिलेलं एक कुटुंब, मुंबईचंच, पोरांच्या अंगावर अजून वाळू, दाबोळीच्या दारावर उभं. जवानाने तिकीट बघून सांगितलं, हे मोप्याचं आहे. म्हणजे अख्खा गोवा दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायचा, तोही झुवारी-मांडवी ओलांडून. त्या बाईंचा चेहरा मी विसरणार नाही. मी भावाला सोडायला गेलो होतो. मीच त्यांना टॅक्सी बघून दिली. पुढे विमान मिळालं की नाही देव जाणे.

दाबोळीचा कोड जीओआय, मोप्याचा जीओएक्स. तिकिटावर तीन अक्षरं बघा, गावाचं नाव बघू नका.

---

तिरकस

म्हणजे शेवटचं अक्षर एक्स आलं की समजायचं, चुकलं.

---

सुपरमामी

न्यू जर्सीहून लिहितेय. तुमचा "परतीचा दिवस" आमचा दोन दिवसांचा असतो.

पुण्याहून मुंबईला निघायचं दुपारी, विमान पहाटेचं. का, तर खंडाळ्याचा घाट. शनिवार-रविवार असेल तर एक्स्प्रेसवेवर घाटात किती वेळ अडकाल याची खात्री नाही, म्हणून बाबा अजून आधी निघायला लावतात, आणि मग घाट मोकळा मिळतो आणि आपण विमानाच्या सात तास आधी मुंबईत. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा. आई शेवटच्या क्षणी मेतकूट कोंबते. बॅग २३.८ भरते. आई म्हणते, "आठशे ग्रॅमला काय होतंय?" काउंटरवरची मुलगीही कधीकधी मराठीच असते, ती बघते आणि हसून टॅग लावते. कधीकधी.

टर्मिनलच्या दारावर तिकीट बघून आत सोडतात. आई-बाबा बाहेरच. काचेतून ते दिसत राहतात आणि आपण ट्रॉली, दोन पोरं, पासपोर्टची पिशवी यात हातही धड हलवू शकत नाही. तुम्ही घरी जाताना दमता, आम्ही घरी जाताना रडतो. मग इमिग्रेशनच्या रांगेत पोराला शू लागते आणि रडणं तिथेच राहतं.

आम्ही हल्ली अबू धाबीवरून जातो, कारण तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स आधीच उरकतं. पलीकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर. लहान मुलं असतील तर याचं मोल कळतं. फक्त अबू धाबीत मधला वेळ भरपूर हवा, तिथली रांग लांब असते.

आणि आंबे. बॅगेतून हापूस नेऊ नका हो. अमेरिकेत भारतातला आंबा विकिरण केलेला, अधिकृत मार्गाने आलेलाच चालतो. माझ्या नणंदेने मोज्यात गुंडाळून आणला होता. कस्टम्सच्या कुत्र्याला मोज्याचं काही पडलेलं नसतं.

---

घाटवाट

@सुपरमामी : सात तास आधी पोचणारे बाबा हेच खरे. माझ्या वडिलांना पुणे स्टेशनवरची गाडी पकडायलाही दीड तास आधी जायचं असतं, घर स्टेशनच्या मागे असून.

आणि नवीन लोकांसाठी : कनेक्टिंगची दोन वेगळी तिकिटं, दोन वेगळ्या कंपन्यांची, कधीही घेऊ नका. झुळूकचं पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची जबाबदारी कंपनीचीच होती, कारण तिकीट एक होतं. दोन तिकिटं असती तर दिल्लीत बॅगा घेऊन बाहेर, पुन्हा चेक-इन, आणि दुसरं विमान टर्मिनल एकवरून असेल तर तीनवरून एकपर्यंत रस्त्याने. दुसऱ्या कंपनीला तुमच्या वादळाशी काहीही देणंघेणं नसतं. वाचवलेले दोन-तीन हजार एका रात्रीच्या हॉटेलात जातात.

---

अंगणातली_जाई

मी वाचनमात्र असते पण विचारतेच. आम्ही येत्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन श्रीनगरला चाललोय. आईला व्हीलचेअर घ्यायची का? ती चालू शकते पण फार वेळ उभी राहू शकत नाही. आणि ती "मी काय म्हातारी झाले का" म्हणून चिडते.

---

काउंटर_नंबर_सात

घ्या. फार वेळ उभं राहता येत नाही हेच कारण पुरेसं आहे. तिकीट काढतानाच मागणी नोंदवा, ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं. विमानाच्या दारापर्यंत चालत जाऊ शकतील की शिडी चढणं जमणार नाही, हेही तेव्हाच सांगा. शिडी असली तर उचलून न्यायची वेगळी सोय करावी लागते.

श्रीनगरला मात्र एक लक्षात ठेवा. व्हीलचेअर टर्मिनलपाशी मिळते. अलीकडच्या ड्रॉप गेटला गाडीतून उतरणं-चढणं तुमचं तुम्हालाच करायचंय. तिथे एकाने फक्त आईकडे बघायचं, सामानाला हात लावायचा नाही.

---

झुळूक

@अंगणातली_जाई : आमचे सासरेही आधी चिडले होते. दिल्लीत रांगांना वळसा घालून पुढे पोचल्यावर मत बदललं. आता म्हणतात, मुंबईच्या लग्नाला जातानाही सांगून ठेव. (मुंबईला आपण गाडीने जातो, हे सांगून झालंय.)

आणखी एक : तुमच्यापैकी दोघांकडे तरी पोस्टपेड सिम असू दे. निघायच्या आधी करून घ्या.

---

वाटसरू

इतकी यातायात करण्यापेक्षा झेलम एक्स्प्रेसने जा की. पुण्याहून थेट जम्मू तावी. २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही धावतेय, चिनाबच्या त्या ३५९ मीटर उंच पुलावरून. अक्रोड तोलत नाही कुणी, बॅट हातात, लोणचं मांडीवर.

---

तिरकस

आणि सुट्टी संपेपर्यंत मनमाडला.

---

वाटसरू

मनमाडला निदान उतरून चहा पिता येतो. जयपूरला यांना तेवढंही करू दिलं नाही.

---

झुळूक

@वाटसरू : हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. सासरे झेलमच्या बाजूने, मुलगा वंदे भारतच्या, मुलगी जयपूरच्या बाजूने. नवरा म्हणाला, तिकिटं मी काढणार नाही. ते बरंच झालं. या खेपेला तिकिटांचं खातं सासूबाईंकडे देतोय, झेरॉक्सवाल्यासकट.

@अंगणातली_जाई : ड्रॉप गेटच्या रांगेचा अंदाज ड्रायव्हरला आदल्या रात्री विचारा, त्यांना रोजचं माहीत असतं. आणि दुपारचं विमान असेल तर हाऊसबोट शेवटच्या रात्री नको, पहिल्या रात्री घ्या. शेवटची रात्र रस्त्यावरच्या हॉटेलात, जिथे गाडी दारात येते.